आमचा कोरडा बोअर

आमच्या गल्लीत सांडपाण्यावरून जितकी भांडणं झाली, तितकी अख्ख्या गावात शेताच्या बांधावरून झाली नसतील. त्यातली निम्मी माझ्याच तोंडून सुरू झाली. जाफराबाद तालुक्यातलं आमचं गाव तसं मोठं. एसटी येते, आठवडी बाजार भरतो. पण आमची गल्ली जुन्या गावाच्या बाहेर, शेतात प्लॉट पाडून झालेली. घरं झाली, गटार झालीच नाही. जो तो आपल्या मोरीचं पाणी रस्त्यावर सोडायचा आणि ते पुढे कुठे जातं हे बघायचाच नाही. ते यायचं माझ्या दारात, कारण माझं घर उताराला. दारातच माझी पिठाची गिरणी. दळण घेऊन येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून यायच्या आणि मी वासाचा राग त्यांच्यावर काढायचे. "इतका वास येतो तर जात्यावर दळ की घरी," असं मी एकीला तोंडावर म्हणालेली आहे. ती अजून दळण दुसरीकडे नेते.

त्यात आमच्या संडासाचा खड्डा. इकडची काळी माती एकदा भिजली की चिखल होऊन बसते, वरून एक थेंब आत घेत नाही. खड्ड्यातलं पाणी मुरायचं कुठे? दर पावसाळ्यात तो काठोकाठ भरायचा. एका साली तर तो अंगणातच उतू गेला, आणि तोही घरी सोयरिकीचे पाहुणे यायच्या दिवशी. मी राख टाकली, चुन्याची फक्की टाकली, वरून गोणपाट अंथरलं. पाहुणे चहा न घेताच उठले. सोयरीक दुसऱ्या कशाने मोडली असेलही, पण मी त्या खड्ड्यालाच बोल लावला.

तेव्हा ओळखीच्या गवंड्याने उपाय सांगितला. उपाय आमच्याच अंगणात होता. घर बांधायच्या आधी आम्ही बोअर घेतला होता आणि तो फेल गेला होता. मशीन दिवसभर खडक फोडत राहिली, वर आला तो नुसता फुफाटा. मग दुसऱ्या कोपऱ्यात घेतलेल्या बोअरला जेमतेम पाणी लागलं. पहिला तसाच पडून होता, तोंडावर फरशी टाकलेली.

"वैनी, हे भोक काय पुजायला ठेवलंय का?" गवंडी म्हणाला. "खड्ड्याचा पाइप ह्यात सोडून द्या. जल्मात भरायचा न्हाई."

आमच्या घरच्यांना ते पटेना. "अगं, जमिनीच्या पोटात घाण सोडायची का?" ते म्हणाले.

"मंग काय डोक्यावर घ्यायची? आन पोटात पाणी असतं तर हा बोअर फेल कामून गेला असता?" मी म्हणाले. माझं हे वाक्य मला फार आवडलं. पुढे मी ते गल्लीभर ऐकवलं.

खरंच सांगते, तो पाइप सोडला त्या दिवशी मला जितका आनंद झाला, तितका घराच्या वास्तुशांतीलाही झाला नव्हता. खड्डा रिकामा, अंगण कोरडं. मोरीचं पाणीही मी त्यातच वळवलं. मग लोक बघायला आले. आमच्या भागात पाणी लागलेल्या बोअरपेक्षा फेल गेलेलेच जास्त, त्यामुळे पुष्कळांच्या अंगणात असं एखादं भोक होतंच. मी गिरणी बंद ठेवून प्रत्येकीच्या घरी गेले, पाइप कुठून न्यायचा, वाकण कसं द्यायचं ते दाखवलं. बघता बघता गल्ली कोरडी ठणठणीत झाली. पाहणी करायला आलेले कुणी साहेब म्हणाले, गल्ली असावी तर अशी. माझा झाडू हातात धरलेला फोटो निघाला. मी तो बरेच दिवस गिरणीच्या भिंतीवर लावला होता.

समोरच्या बाजूला, दोन घरं सोडून आपा राहते. माझ्याहून मोठी. नवरा वारला, मुलगा मोटार रिवायंडिंगचं काम करतो. आमच्या घरच्यांना ती भाऊ मानते, राखी बांधते, म्हणून मी भाभी. गल्लीत कधीच न आटलेला बोअर फक्त तिचा. नुसतं पाणी होतं असं नाही, गोड पाणी होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाताखाली यायचा. म्हणून डाळीला आणि चहाला मी आपाकडून कळशी आणायची. उन्हाळ्यात सगळ्यांचेच बोअर गेले की आपा भिंतीवरून रस्त्यावर पाइप टाकायची आणि लाइट असेपर्यंत मोटार चालू ठेवायची. रांग लागायची. कोण कुणाचा, कुठल्या जातीचा, हे तिथे कुणी विचारायचं नाही. माझ्यासारख्या भांडकुदळ बायका तिथेही भांडायच्या, आणि आपा आतून ओरडायची, "भांडू नका गं. पानी सगळ्यांला पुरतंय."

पाण्याला नाही म्हटलं की बोअर आटतो, अशी तिची पक्की समजूत. तिच्या घरात पाऊल टाकलं की आधी हातात पाण्याचा पेला यायचा. तो संपल्याशिवाय ती कशाला आलीस हेसुद्धा विचारायची नाही. मी किती वर्षं तो पेला प्याले याचा हिशोब नाही.

मग बचत गटातल्या आम्हा काही जणींना पाणी तपासायचं शिकवायला तालुक्याला बोलावलं. मला मिरवायला आवडतं, मी पुढे होतेच. शिकवणाऱ्या बाईंनी आत औषध घातलेल्या लहान बाटल्या दिल्या. त्यात पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं आणि वाट बघायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळलाय असं समजायचं. मग त्यांनी पाणी कशाकशाने नासतं ते सांगितलं. शेतात टाकलेलं जास्तीचं खत, विहिरीजवळचा उकिरडा, संडासाचा खड्डा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोरड्या बोअरमध्ये सोडलेली घाण, असं त्या म्हणाल्या. मातीतून मुरताना पाणी थोडंफार गाळलं तरी जातं. बोअरमध्ये सोडलं की ते थेट खडकाच्या चिरांमध्ये जातं, आणि त्या चिरा कुठे कुठे जोडलेल्या असतात ते वरून कुणालाच दिसत नाही. तुमचा बोअर कोरडा असेल, पण त्याच्या शेजारचा नसतो ना, असं त्या हसत म्हणाल्या. बाकीच्या लिहून घेत होत्या. मला घाम फुटला.

घरी आल्यावर मी पहिली बाटली आपाच्या पाण्याने भरली. कळशी घरात होतीच. बाटली गिरणीच्या मोटारीजवळ उबेला ठेवली आणि दळणागणिक तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळी होती. गढूळ वगैरे नव्हे, शाईसारखी काळी. बाटलीच खराब असेल म्हणून मी दुसरी भरली. तीही काळी. मग गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या विहिरीचं पाणी भरलं, ते जसंच्या तसं राहिलं. त्यानंतर मला स्वतःशी खोटं बोलायला जागा उरली नाही.

त्याच संध्याकाळी मी आमचा पाइप काढायला लावला. घरच्यांना सगळं सांगितलं. भोकाचं तोंड सिमेंटने बंद केलं. गल्लीला मात्र मी काही सांगितलं नाही. आपाला तर नाहीच. आपाला सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. तुमचं पाणी नासलं, ही एक. ते मी नासवलं, ही दुसरी. पहिली सांगितली की दुसरी ओघानेच येणार. पाइप काढलाय ना, आता पाणी हळूहळू आपोआप साफ होईल, अशी मी मनाची समजूत घातली. बाकीच्यांच्या घरचे पाइप चालूच होते, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मीच तर ते बसवून दिले होते.

आणि नेमकी तेव्हाच आपाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरलेला. पोरगी लहानपणी माझ्याच गिरणीत पिठाने पांढरी व्हायची. आता ती तेच पाणी पिणार होती.

मी भेटायला गेले. आत पाऊल टाकताच आपाने पेला पुढे केला. मी तो हातात घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काळी बाटली आली. "आत्ताच चहा घेऊन आले," असं म्हणून मी पेला खाली ठेवला.

आपा हसली. "चहावर पानी चालत न्हाई का?"

"दात ठणकून राह्यलेत." मी दुसरं खोटं बोलले. मग मोठ्या आवाजात पोरीला म्हणाले, "बाई, तू पानी उकळून पी बरं. अशा दिवसांत जपावं."

"आमच्या बोअरचं?" आपाने कपाळाला हात लावला. "भाभी, ह्या पान्यावर माझी चार लेकरं वाढली. अम्रित हाये ते."

पोरगी हसली आणि माझ्यादेखत गटागटा पेलाभर पाणी प्याली. मी बघत बसले. तेव्हा तिच्या हातातून पेला हिसकून घ्यायला हवा होता. मी बाळाच्या दुपट्यांबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर मी जायची, पण पाणी घ्यायची नाही. कधी उपास, कधी घसा, कधी घाई. कळशीही बंद केली. जार विकत घेऊ लागले. जारवाला आमच्या दारात थांबतो हे आपाला तिच्या ओट्यावरून दिसत असणारच. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. पेला पुढे करताना तिचा हात अर्ध्यावर थांबायला लागला. मला वाटलं, पोरीच्या काळजीत असेल. पोरीला जुलाब होऊन दवाखान्यात नेलं होतं, हे मला दळणाला आलेल्या बाईकडून कळलं. आपाने मला कळवलं नव्हतं. पोरगी लगेच घरी आली, बाळालाही काही झालं नव्हतं. पण मी ऐकलं आणि गिरणी तशीच चालू सोडून आपाच्या घरी धावले.

आपा ओट्यावर शेंगा फोडत होती. मला बघून उठली, आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात दुकानातली प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती, झाकण न उघडलेली. तिने ती माझ्या हातात न देता माझ्या बाजूला ठेवली.

"शीलपॅक हाये, भाभी," ती म्हणाली. "आमचा हात लागला न्हाई."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जमीन फाटून तिथल्या तिथे आत जावं असं वाटलं. अलीकडे गावात कोण कुणाच्या दुकानात जातं, कोण कुणाकडून काय घेतं, हे लोक बघायला लागलेत. आपाने माझे ते सगळे उपास, तो घसा, ते दात एकत्र मांडले आणि त्यातून हाच अर्थ काढला होता. दुसरा कुठला काढणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या हातचं पाणी घेत नव्हते. तिने भांडण केलं नाही, विचारलंही नाही. माझी सोय म्हणून मुलाला दुकानात पाठवून बाटली आणून ठेवली होती.

मी रडायला लागले. मग रडत रडतच सगळं सांगितलं. कोरडा बोअर, खड्ड्याचा पाइप, गल्लीभर मीच बसवून दिलेले पाइप, काळी पडलेली बाटली, पोरीसमोर गप्प बसले ते. "आपा, तुमच्या पाण्यात आमच्या संडासाची घाण गेली. मी सोडली. म्हनून पेत नव्हते. तुमच्यामुळं न्हाई, आपा. माझ्या पोरांची शप्पथ."

मी खाली मान घालून वाट बघत होते. तिने थोबाडीत मारली असती तर मी दुसरा गाल पुढे केला असता. तिने मोठा श्वास सोडला आणि तिचे खांदे खाली आले. वर बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"इतकंच ना?" ती म्हणाली. "या अल्ला. मला वाटलं, तू बी बदलली."

माझ्या घाणीने तिची पोरगी दवाखान्यात गेली होती आणि ती मला इतकंच ना म्हणत होती. आजवर मी पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या, कुठलीच अशी लागली नाही. माझ्याबद्दल तिच्या मनात त्याहून वाईट शंका होती, त्यापुढे संडासाचं पाणी तिला बरं वाटलं. कितीतरी दिवस ती ते मनात धरून माझ्यापुढे पेला करत होती.

मग ती डोळे पुसून उठली, मोटारीचं बटण बंद आहे ना ते बघून आली आणि माझ्याजवळ बसली. आता तिचा चेहरा बदलला होता.

"गल्लीत सांगू नको, भाभी."

"असं कसं? सगळे पेतात. पाइप काढायला लावते सगळ्यांला. माझंच नाव घेऊन सांगते."

"तू तुझं नाव घेशील. बराबर हाये," ती म्हणाली. "पर बोअर माझा हाये. लोकं कुनाचं नाव घेतील?"

मी म्हणाले, लोक इतके वाईट नाहीत. मी म्हणाले, इतक्या वर्षांचं पाणी कुणी विसरत नाही. ती शेंगा फोडत राहिली. पोरगी आतून ऐकत होती, ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अम्मी, सांगू दे त्यांला. लेकरं पेतात ते पानी." आपाने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. मी हो धरलं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेले. ज्या दारांत पाइपाचं वाकण दाखवायला गेले होते, त्याच दारांत. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकीला दळण घेण्याआधी सांगितलं. बाटल्या दाखवल्या. आमच्या बोअरपासून सुरू झालं, घाण माझी होती, पाइप मी शिकवला, दोष माझा, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. काहींनी पाइप काढले. काही म्हणाले, पावसाळा झाल्यावर बघू. कुणी मला बोल लावला नाही. उलट एकदोघी म्हणाल्या, तुझं मन मोठं म्हणून कबूल करतेस.

आपाने रस्त्यावरचा पाइप गुंडाळून आत नेला. तिच्या पोरीला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आता त्यांच्या घरीही जार येतो. मी मध्ये मध्ये तिच्या बोअरचं पाणी भरून बघते, बाटली अजून काळीच पडते. खडकात गेलेली घाण कधी निघते हे शिकवणाऱ्या बाईंनाही नक्की सांगता आलं नाही.

मी सांगणं काही सोडलेलं नाही. भेटेल त्याला सांगते, लग्नात सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगते. लोक शेवटपर्यंत नीट ऐकून घेतात, मान डोलावतात, माझा खड्डा, माझा पाइप, माझा कोरडा बोअर सगळं त्यांना समजतं. आणि मग विचारतात, "म्हंजी त्या मुसलमान बाईचं पानी खराब निघालं म्हना की?"